‘कट्’ आवाज ऐकला, आता मोजून पाहा

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर विश्वचषकातला भारत-बांगलादेश सामना चालू होता. लिटन दासने समोर मारलेला चेंडू हार्दिक पांड्या पायाने अडवायला गेला, तोल सुटला आणि डावा घोटा मुरगळला. त्या षटकातले उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. पांड्या पुढच्या एखाद-दोन सामन्यांनंतर परतेल अशी आशा होती. ४ नोव्हेंबरला तो स्पर्धेबाहेर झाल्याचं जाहीर झालं. नंतर एका मुलाखतीत त्याने स्वतःच सगळं सांगितलं. परतण्याच्या धडपडीत घोट्यात इंजेक्शनं घेतली, सूज इतकी की आत साचलेलं रक्त काढावं लागलं, तरी रेटून पाहिलं आणि दुखणं उलटलं. काही आठवड्यांत आवरेल असं वाटलेलं प्रकरण तीन महिन्यांवर गेलं. त्याच्या दिमतीला देशातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओ होते. लिगामेंटने कुणाचीच घाई मानली नाही.

असे घोटे दर पावसाळ्यात मुरगळतात. गडावरून उतरताना, लोकलमधून फलाटावर उडी टाकताना, दहीहंडीच्या सरावात, किंवा कसलाही पराक्रम न करता न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर. पूर्वी अशा वेळी घरात आंबेहळद उगाळली जायची. पाठीत उसण भरली तर गल्लीतल्या पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय लावून घेतला जायचा. आता मोबाइल उघडला जातो. त्यात कुणीतरी कुणाची तरी कंबर एका झटक्यात पिळतं, ‘कट्’ असा खणखणीत आवाज येतो आणि पालथा पडलेला माणूस हसत उठून बसतो. मुंबई-पुण्यात ‘कायरोप्रॅक्टिक’ अशा पाट्याही दिसू लागल्या आहेत. चार दिवस लंगडून कंटाळलेल्या माणसाला साहजिकच वाटतं, जाऊन यावं का?

जायला हरकत नाही. पण काय दुखावलंय, दुखावून किती दिवस झाले आणि हात लावणारा कोण आहे, या तीन गोष्टी ठरल्यावर. यातली पहिलीच बहुतेकांना माहीत नसते.

आधी फाटलंय काय, ते कळू द्या

हाडाला हाड बांधून ठेवतं ते लिगामेंट. स्नायूचं टोक हाडाला जोडते ती टेंडन. पाय मुरगळला की लिगामेंट ताणलं जातं. धावताना मांडीच्या मागे चमक निघते तेव्हा बहुधा स्नायू फाटलेला असतो. डॉक्टर दोन्हींच्या तीन श्रेणी करतात. लिगामेंट म्हणजे सुंभाची दोरी मानली, तर पहिल्या श्रेणीत तिचे काही धागे ताणले जातात, दुसरीत काही पीळ उसवतात आणि सांधा थोडा सैल लागतो, तिसरीत दोरीच तुटते. फसवी गोष्ट अशी की पूर्ण तुटलेलं लिगामेंट कधी कधी अर्धवट फाटलेल्यापेक्षा कमी दुखतं. त्यामुळे ‘फार दुखत नाही, म्हणजे किरकोळ असेल’ हा हिशेब चुकू शकतो.

भरून येण्याचा क्रम मात्र सगळ्यांचा सारखा असतो. पहिले तीन-पाच दिवस सूज आणि लाली असते. ही शरीराची सफाई आहे, शत्रू नव्हे. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांपर्यंत नवं कोलॅजन, म्हणजे प्रथिनाचे धागे, घातलं जातं, पण ते आडवंतिडवं, विस्कळीत असतं. मग कित्येक महिने ते धागे ताणाच्या दिशेने रांगेत बसत जातात, आणि ते बसतात ते त्या भागावर बेताबेताने भार पडला तरच. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तो लवकर सावरतो. लिगामेंटला कमी, म्हणून ते रेंगाळतं. घोट्याची पहिल्या श्रेणीची दुखापत एक-दोन आठवड्यांत चालण्याफिरण्याइतकी बरी होते, दुसरीला तीन ते सहा आठवडे लागतात, तिसरीला तीन महिने किंवा त्याहून जास्त. गुडघ्यात एकाहून अधिक लिगामेंट फाटली तर गोष्ट निराळीच. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या उजव्या गुडघ्यातली लिगामेंट ३० डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातात फाटली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि सामन्यात परतायला मार्च २०२४ उजाडला.

या सगळ्यात कायरोप्रॅक्टर कुठे बसतो? आधी तो कुठे बसत नाही ते सांगायला हवं. जगातल्या कोणत्याही हातांनी, कितीही मोठा आवाज काढला तरी, फाटलेल्या लिगामेंटचा एक धागा जुळत नाही. जुळवण्याचं काम शरीराचं. पण दुखापतीनंतर भोवतालचे स्नायू आखडतात, न वापरल्याने सांधा ताठरतो आणि दुखेल या भीतीने माणूस तो भाग हलवायचंच सोडतो. सांध्याला दिलेला छोटा, वेगवान आणि मोजका धक्का हा ताठरपणा काही काळ सैल करतो आणि वेदना कमी करतो. त्या मोकळ्या काळात व्यायाम झाला तर फायदा टिकतो. नाही झाला तर दोन दिवसांत गाडं पूर्वपदावर येतं. कायरोप्रॅक्टिकचा स्नायू-लिगामेंटच्या दुखापतीतला उपयोग एवढा आहे. तो लहान नाही, पण जाहिरातीइतका मोठाही नाही.

आवाज कशाचा?

कायरोप्रॅक्टिक पद्धतीचा जन्म अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी झाला. डॅनिएल डेव्हिड पामर हा तिथे हात फिरवून ‘चुंबकीय’ उपचार करणारा गृहस्थ. १८ सप्टेंबर १८९५ ला त्याने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबून ‘जागेवर बसवला’ आणि अनेक वर्षांपासून बहिऱ्या असलेल्या लिलार्डला ऐकू येऊ लागलं, असा दावा केला. कानाची नस पाठीच्या मणक्यांतून जात नाही, ही अडचण डॉक्टरांनी तेव्हापासून दाखवली आहे. पामर तिथेच थांबला नाही. शंभरातले ९५ आजार मणके सरकल्यामुळे होतात, असं त्याने लिहून ठेवलं. आज चांगले कायरोप्रॅक्टर असं काही म्हणत नाहीत. ते पाठ, मान आणि सांध्यांच्या दुखण्यापुरतं बोलतात. पण ‘तुमचा मणका सरकलाय, म्हणून मधुमेह आहे’ असं सांगणारा कुणी अजूनही भेटलाच, तर तो पामरच्या काळात राहतो असं समजून नमस्कार करून बाहेर पडावं.

राहिला तो ‘कट्’. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज, असं सर्रास मानलं जातं. तसं नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटक्यात दूर झाले की आतला दाब घसरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. १९७१ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी हा आवाज बुडबुडा फुटल्याचा आहे असं मांडलं होतं. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात ग्रेगरी कावचुक यांच्या गटाने एमआरआय यंत्रात बोटं मोडतानाचं चित्रण केलं, तेव्हा दिसलं की आवाज पोकळी तयार होतानाच येतो. कशाही कारणाने असो, हाड सरकल्याचा किंवा बसल्याचा तो पुरावा नाही. (बोटं मोडल्याने संधिवात होतो, या आजीच्या धाकाचीही परीक्षा झाली आहे. डोनाल्ड अंगर या अमेरिकी डॉक्टरने साठ वर्षं फक्त एकाच हाताची बोटं मोडली. दोन्ही हात शेवटी सारखेच निघाले. त्याबद्दल त्याला गमतीशीर संशोधनासाठीचं २००९ चं इग नोबेल मिळालं.)

म्हणूनच टेबलावरून उठल्यावर ‘किती मोठा आवाज आला’ हे मोजू नये. मोजायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

घोट्यासाठी एक साधी मोजणी घरी करता येते. भिंतीसमोर उभं राहावं, टाच जमिनीवर टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावावा, आणि पायाचा अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते पट्टीने पाहावं. आधी धडक्या पायाचं अंतर घ्यावं, मग मुरगळलेल्या. दुखापतीनंतर हे अंतर हमखास कमी झालेलं असतं आणि जिना उतरताना, उकिडवं बसताना जी अडचण येते ती त्यामुळेच. उपचाराआधी, उपचारानंतर लगेच आणि दोन दिवसांनी हीच मोजणी करावी. अंतर वाढत असेल तर हात उपयोगी पडत आहेत. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी उताणं झोपून गुडघा न वाकवता पाय किती वर जातो, ते दोन्ही बाजूंनी पाहावं. मानेसाठी हनुवटी दोन्ही खांद्यांकडे किती वळते तेवढं पुरे. पाठीसाठी न थांबता किती मिनिटं चालता येतं, हा आकडा एमआरआयच्या अहवालापेक्षा बरंच काही सांगतो.

पुरावा कुठे आहे, कुठे नाही

घोट्याबद्दल एक छोटा पण नेमका अभ्यास दक्षिण आफ्रिकेत झाला. पेलो आणि ब्रँटिंगहॅम यांनी तो २००१ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची मुरगळ होऊन काही काळ गेलेले ३० रुग्ण घेतले. निम्म्यांच्या घोट्याच्या सांध्यावर कायरोप्रॅक्टिक पद्धतीने काम केलं, उरलेल्यांना बंद अल्ट्रासाउंड यंत्र फिरवून दाखवलं. पहिल्या गटाची वेदना आणि हालचाल जास्त सुधारली. यात दोन शब्द महत्त्वाचे: पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची, आणि काही काळ गेलेली. ताज्या, फुगलेल्या घोट्याला झटका देण्याबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत ७४ जणांवर झालेल्या चाचणीत हाताने केलेला उपचार आणि देखरेखीखालचा व्यायाम ही जोडी नुसत्या घरच्या व्यायामापेक्षा सरस ठरली. तिथे हात फिजिओथेरपिस्टांचे होते. म्हणजे पाटीवर काय लिहिलंय याला फारसं महत्त्व नाही.

स्नायूंबद्दल ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास रोचक आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, फाटणं हा नेहमीचा शाप. वेन हॉस्किन्स आणि हेन्री पोलार्ड यांनी ५९ खेळाडूंपैकी एका गटाला नेहमीच्या वैद्यकीय सेवेसोबत हंगामभर कायरोप्रॅक्टिक उपचार दिले. २०१० मध्ये निष्कर्ष आला: पायांच्या स्नायूंच्या एकूण दुखापती त्या गटात स्पष्टपणे कमी झाल्या, पण खास हॅमस्ट्रिंगच्या बाबतीत फरक सांख्यिकीच्या उंबरठ्यावर अडला. संशोधकांनी हेही लपवलं नाही. शिवाय त्या उपचारात झटक्यांबरोबर मालीश आणि व्यायाम होतेच, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं ते सांगता येत नाही.

याच स्नायूसाठी व्यायामाचा पुरावा पहिलवानासारखा भक्कम उभा आहे. स्वीडनच्या कार्ल आस्कलिंग यांनी २०१३ मध्ये फुटबॉलपटूंवर केलेल्या प्रयोगात स्नायू ताणलेल्या अवस्थेत त्याच्यावर भार देणारे व्यायाम करणारे सरासरी २८ दिवसांत सरावाला परतले. नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांना ५१ दिवस लागले. आणि ‘नॉर्डिक’ व्यायाम, म्हणजे गुडघ्यांवर बसून, जोडीदाराला घोटे धरायला लावून, शरीर सरळ ठेवत हळूहळू पुढे झुकणं, याने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, असं ८,४५९ खेळाडूंची माहिती एकत्र करणाऱ्या २०१९ च्या आढाव्यात दिसलं. कबड्डीच्या प्रत्येक संघाने आणि पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने तो शिकून घ्यावा. एक पैसा लागत नाही. पूर्ण बरं होण्याआधी मात्र तो करू नये.

पाठीतली उसण हा कायरोप्रॅक्टरचा खरा प्रांत. २०१७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात २६ चाचण्यांचा आढावा आला: ताज्या कंबरदुखीत मणक्यांच्या हस्तोपचाराने सहा आठवड्यांपर्यंत वेदना आणि हालचालीत माफक सुधारणा होते. ‘माफक’ हा शब्द त्यांचाच. अमेरिकेत ७५० सैनिकांवर झालेल्या चाचणीत, २०१८ मध्ये, नेहमीच्या उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड मिळालेल्यांना जास्त आराम पडला. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेचं २०१६ चं मार्गदर्शन अधिक सावध आहे: हस्तोपचार द्यावा, पण व्यायामाच्या जोडीनेच, एकटा नाही.

पहिले तीन दिवस हात लांब ठेवा

महाराष्ट्रात दुखापत झाली की पहिली प्रतिक्षिप्त क्रिया चोळण्याची. तालमीतली मालीश धडधाकट स्नायूंसाठी आहे. फाटलेल्या, आत रक्त साचलेल्या स्नायूला ती लागू नाही. मांडीला जबर मार बसल्यावर किंवा विशेषतः कोपर दुखावल्यावर जोरात चोळलं, तर साचलेल्या रक्ताच्या जागी स्नायूतच हाड तयार होऊ शकतं आणि कोपर कायमचं अडकू शकतं. आपल्याकडच्या हाडांच्या डॉक्टरांना हे नवं नाही. हाडवैद्याकडून चोळून आलेली, वाकेनाशी झालेली कोपरं त्यांनी पाहिलेली असतात. मुलांच्या कोपराला तर डॉक्टरने पाहिल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नये.

मग करायचं काय? विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच, हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये लोकप्रिय केलं. २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती भरून येण्याला उशीर लावू शकतात. सध्याचा सूर असा: ठणका असह्य असेल तर पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवावा, क्रेप बँडेज बांधावं, पाय उशीवर ठेवावा, शेक आणि दारू टाळावी; आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दुखणं सहन होईल इतका भार देत हळूहळू चालू लागावं. पंधरा दिवस पलंगावर पडून राहणं हा उपचार नव्हे.

हाड मोडलंय की नाही हे ओळखायला कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये नियम घालून दिले, आणि ते जगभर वापरले जातात. घोट्याच्या बाहेरच्या वा आतल्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये किंवा टोकावर, दाबल्यावर थेट हाड दुखत असेल; पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर जे हाडाचं टोक हाताला लागतं तिथे, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखत असेल; किंवा दुखापत झाल्याझाल्या आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता आली नसतील, तर एक्स-रे काढावा. यातलं काहीच नसेल तर मोडलेलं असण्याची शक्यता फारच थोडी. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी या नियमांवर विसंबू नये; थेट डॉक्टर गाठावा.

काही दुखणी स्नायूची वाटतात, नसतात. प्लास्टर, आजारपण किंवा लांबच्या प्रवासानंतर एकाच पोटरीला सूज, दाह आणि दुखणं असेल तर ती शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मालीश म्हणजे गुठळी फुफ्फुसाकडे धाडण्याचा धोका. पळताना मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर कुणीच नाही, आणि आता चवड्यावर उभं राहता येत नाही, तर टाचेमागची टेंडन तुटली असावी. तिथेही झटके नकोत, अस्थिरोगतज्ज्ञ हवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही आपल्याकडे सहज दिली जाणारी प्रतिजैविकं टेंडन कमजोर करू शकतात; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. ती चालू असताना टाच दुखू लागली तर डॉक्टरांना सांगावं. आणि कंबरदुखीसोबत मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावं. ती वेळ कुणाच्याही टेबलावर पडायची नाही.

मान वेगळी

मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रोहिण्या असतात. त्यांच्या आतल्या थराला चीर पडली तर तिथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ च्या निवेदनात म्हटलं की मानेच्या झटक्यांशी याचा संबंध आढळतो. झटक्यामुळेच चीर पडते हे सिद्ध झालेलं नाही, कारण चीर आधीच पडल्याने मान दुखत असलेला माणूसही कायरोप्रॅक्टरकडे जातो. धोका दुर्मीळ आहे. पण परिणाम आयुष्यभराचा. उलट बाजूला काय मिळतं, तर मानेला झटका न देता हलकेच हलवण्याच्या पद्धतीनेही जवळपास तेवढाच आराम पडतो, असं वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात दिसलं. हा सौदा उघड आहे: मान दुखत असेल तर ‘झटका नको, हळू हलवा’ असं स्पष्ट सांगावं. अचानक, कधी नव्हे अशी मानदुखी-डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, तोल जाणं यातलं काही असेल तर मान कुणाच्याही हाती देऊ नये. केशकर्तनालयात चंपीनंतर फुकटात मान मोडून मिळते, ती तर हात जोडून नाकारावी. खुर्चीत मान मागे टाकून केस धुवून घेतल्यावर पक्षाघात झाल्याच्या घटना अमेरिकी डॉक्टर मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्येच नोंदवल्या आहेत.

हाडं ठिसूळ झालेल्यांनी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी, आमवात किंवा कर्करोग असलेल्यांनी पाठीलाही झटका घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. साठीच्या पुढच्या महिलांच्या बाबतीत हाडांची घनता तपासल्याशिवाय झटका देणारा माणूस निष्काळजी आहे, भले त्याचे व्हिडिओ कितीही पाहिले जावोत.

हात कुणाचे, आणि किती वेळा

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सांगितलेला किमान निकष असा: कायरोप्रॅक्टरचं पूर्ण शिक्षण चार वर्षांचं, ४,२०० तासांचं, आणि त्यात किमान १,००० तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत परवाना लागतो. लुईझियानाने तो सर्वांत शेवटी, १९७४ मध्ये, आणला. ब्रिटनमध्ये जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलच्या नोंदवहीत नाव नसेल तर स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं गुन्हा आहे. मुलांकडे न्यू जर्सीला किंवा लंडनला गेलेल्या आईवडिलांना त्यामुळे नोंदणी तपासणं सोपं जातं. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी अशी वेगळी वैधानिक परिषद नाही. पाटी कुणीही लावू शकतो, आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतून मिळालेली प्रमाणपत्रंही भिंतीवर दिसतात. म्हणून इथे उपचार घेणाऱ्याने थेट विचारावं: पदवी कोणत्या विद्यापीठाची, किती वर्षांची? फिजिओथेरपिस्ट असेल तर बीपीटी किंवा एमपीटी पदवी आणि फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी आहे का? चांगला माणूस या प्रश्नाने रागावत नाही. गावात असा कुणी नसेल तर जिल्हा रुग्णालयातला फिजिओथेरपिस्ट पुरेसा आहे. वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी तोही करतो.

पहिल्या भेटीत अर्धा तास चौकशी आणि तपासणी, काय दुखावलंय याचं साध्या शब्दांत स्पष्टीकरण, धोक्यांची कल्पना, आणि घरी करायचा व्यायाम लिहून देणं: एवढं झालं नाही तर दुसऱ्या भेटीचा विचारच करू नये. ‘आज पंचवीस भेटींचं पॅकेज घेतलं तर सवलत’ असं कुणी म्हणालं की सावध व्हावं. दोन-तीन आठवड्यांत चार-सहा भेटींनंतर भिंत-गुडघ्याचं अंतर किंवा चालण्याची मिनिटं वाढलेली नसतील, तर निदान चुकलं असेल किंवा उपचार. दोन्ही बाबतीत सातव्या भेटीचे पैसे वाचवावेत. अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेही २०१७ मध्ये आपल्याच सभासदांना बजावलं आहे की धोक्याची लक्षणं नसतील तर ताज्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे एक्स-रे काढू नका, आणि रुग्णाला नुसतं पडून घेण्याच्या उपचारांवर लांबवत ठेवू नका.

खरा आळस त्यानंतर येतो. दुखायचं थांबलं की व्यायाम थांबतो. घोट्याच्या लिगामेंटमध्ये सांधा कुठे आहे हे मेंदूला कळवणाऱ्या नसा असतात, त्याही दुखावलेल्या असतात. त्या पुन्हा शिकल्या नाहीत तर तोच पाय पुन्हा मुरगळतो. म्हणून चालता येऊ लागल्यावर दात घासताना एका पायावर उभं राहावं, तीस सेकंद जमलं की डोळे मिटून, मग घडी केलेल्या गोधडीवर. चवड्यांवर वर-खाली होणं आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. निदान सहा ते आठ आठवडे. धडक्या पायावर जेवढ्या उड्या मारता येतात जवळपास तेवढ्या दुखऱ्यावर, न दुखता, येईपर्यंत मैदान नको. कंबरेसाठी तर चालणंच: ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या, २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत, टप्प्याटप्प्याने चालणं वाढवणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला २०८ दिवस (मध्यक) लागले, तसं न करणाऱ्यांची ११२ दिवसांत धरली. आणि खेळात परतणाऱ्यांनी निदान पहिलं वर्षभर घोट्याला लेस बांधायचा आधारपट्टा वापरावा. एकदा मुरगळलेल्या घोट्याची पुन्हा मुरगळ त्याने कमी होते, आणि त्याचा खर्च सहसा दोन-तीन भेटींच्या शुल्कापलीकडे जात नाही.